कुर्लीची नांगी, छपाई आणि भरतकाम

आम्ही पाचजणी कापडावरची छपाई आणि भरतकाम शिकतो. वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प करायचा असतो : आपल्या परिसरातलं काही घ्यायचं, त्यावरून नक्षी काढायची, ती छापायची, भरायची आणि शेवटी हिशेब मांडायचा. आज त्याबद्दल बोलायचंय. नक्षीपेक्षा हिशेबानं आम्हाला जास्त शिकवलं, पण आधी नक्षीचं सांगतो.

आम्ही कुर्ल्याच्या, म्हणून विषय कुर्लाच. आधी मनात आली स्वदेशी मिल. 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल विकत घेतली आणि तिचं नाव स्वदेशी ठेवलं. आमच्यातल्या एकीचे आजोबा तिथे कामाला होते. पण मिलची चिमणी कागदावर काढली की ती कुठल्याही मिलची चिमणी वाटायची. मग कोणीतरी म्हणालं, कुर्ला हे नाव कुर्लीवरून पडलं म्हणतात ना? मिठी नदीच्या खाजणात पूर्वी खेकडे म्हणे भरपूर. ठरलं, कुर्ली.

हौसेनं अख्खी कुर्ली काढली, आठ पाय, दोन नांग्या, डोळेसुद्धा. लाकडी ठसा करून घेतला आणि जुन्या चादरीवर ओळीनं उमटवून पाहिला. लांबून बघितलं तर चादरीवर झुरळं फिरत होती! आमच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, एक ठसा सुंदर असून भागत नाही, शंभर ठसे शेजारी बसले की काय होतं ते बघायचं. शेवटी फक्त नांगी ठेवली. तिचा बाक कोयरीसारखा आहे, हे तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ओळी सरळ एकाखाली एक न ठेवता, भिंतीत विटा लावतात तशा अर्ध्या अंतरानं सरकवल्या. मग मधली रिकामी जागाही नक्षीसारखी दिसू लागली.

छपाईत दोन चुका केल्या. तुम्ही घरी करणार असाल तर ऐकून ठेवा. कोऱ्या सुती कापडाला खळ असते. ती गरम पाण्यात धुऊन काढली नाही तर रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात फिका पडतो. शिवाय कापड नंतर आटतं, आणि भरलेला भाग चुण्या पडून गोळा होतो. आमच्या पहिल्या ओढणीचं तेच झालं. दुसरी चूक, रंग जाड लावला. पिगमेंट रंगात तो कापडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. थर जाड झाला की कापड ताठरतं आणि सुई जाता जात नाही. रंग पातळ लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा, उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवायची, आणि मगच सुई हातात घ्यायची. लाल दोऱ्याचा एक तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघायलाही विसरू नका. रंग सोडणारा दोरा सगळी मेहनत पाण्यात घालतो.

दुसरी ओढणी चांगली छापली गेली. तिच्यावर 64 नांग्या होत्या, आणि आम्ही चौसष्टही भरायच्या ठरवल्या. कडेनं साखळी टाका, आत धावदोरा, गोधडीला घालतो तसा. एका नांगीला 25 मिनिटं लागत होती.

त्याच दरम्यान आम्ही वस्तीतल्या एका कारखान्यात गेलो. तिथे लाकडी अड्ड्यावर कापड ताणून आरीचं काम चालतं. चाचांनी आमची नांगी आरीनं चार मिनिटांत भरून दाखवली. आरीचा टाकाही साखळीचाच. शेवटची गाठ पक्की नसेल तर एक टोक ओढलं की सगळा उसवतो, हेही त्यांनी ओढून दाखवलं. मग ओढणी उलटीपालटी करून त्यांनी विचारलं, "छापा है, तो फिर भरते क्यों हो?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

बाईंकडे हिशेब नेला. कापड, रंग, ठसा, दोरा, सगळं पैशापैशानं लिहिलं होतं. भरतकामापुढे लिहिलं होतं 150 रुपये. बाईंनी विचारलं, हा आकडा कुठून आणला? आमच्यातल्या एकीची आई घरी बसून ड्रेसच्या गळ्यांवर टिकल्या-मोती लावते. माल आणून देणारा नगावर पैसे देतो. त्याच दराच्या अंदाजानं आम्ही लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, तास मांडा. चौसष्ट गुणिले पंचवीस, म्हणजे सोळाशे मिनिटं, 26 तास 40 मिनिटं. तासाला सहा रुपयेसुद्धा नाहीत! ती मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आईचे तास आम्ही घरात कधी मोजलेच नाहीत. ती स्वयंपाक करता करता करते ना.

नगावर पैसे असले की तास दिसेनासे होतात, आणि घरात बसून केलेलं काम तर काम म्हणूनच दिसत नाही. इलाबेन भट्ट यांनी 1972 मध्ये अहमदाबादेत सेवा ही संघटना उभी केली, ती अशाच, मालक-नोकर या व्याख्येत न बसणाऱ्या बायकांसाठी. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असा आंतरराष्ट्रीय करार 1996 मध्ये जिनिव्हात झाला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही.

आम्ही ओढणी पुन्हा केली. चाचांचा प्रश्न डोक्यात होताच. जे छपाईनं होतं ते छपाईवर सोडलं आणि फक्त दोन्ही पदरांवरच्या दहा नांग्या भरल्या, जिथे हात लागतो तिथे. वेळ लागला चार तास दहा मिनिटं. तासाला 80 रुपये धरले, 333 रुपये झाले. ओढणी आधीपेक्षा मोकळी आणि देखणी दिसते, हे आम्ही आमच्या तोंडानं सांगतो.

प्रदर्शनात आम्ही किमतीच्या चिठ्ठीवर भरतकामाचे तास लिहिले. एक काकू म्हणाल्या, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? आम्ही रिंग, सुई आणि दोरा त्यांच्या पुढे ठेवला. त्या खरंच बसल्या. अर्धी नांगी झाली तेव्हा त्यांनी घड्याळात बघितलं. ओढणी घेतली नाही, पण घासाघीसही केली नाही.

मैत्रिणीच्या आईनं आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर वही टांगली आहे. कामाला बसल्याची आणि उठल्याची वेळ ती त्यात लिहिते. माल देणाऱ्याला अजून दाखवलेली नाही. आधी महिनाभर भरू दे, म्हणते.