कुरूमपर्यंत चपला, मूर्तिजापूरपर्यंत चेहरा

जनरल डब्यात माणसाचं चित्र काढायचं तर चेहऱ्यापासून सुरुवात करू नये. आधी जे हलत नाही ते घ्यावं: सीटखाली सरकवलेली थैली, चपला, गुडघ्यावर टेकलेला हात. बडनेरा सुटल्यावर कुरूम येईस्तोवर तेवढं होतं. मग कानापासून हनुवटीपर्यंतची रेघ, आणि डोळे अगदी शेवटी. डोळ्यांत पाहिलं की समोरच्याला कळतं. कळलं की पाठ ताठ, टोपी सरळ, आणि चेहऱ्यावर आधार कार्डावरचा भाव. मघाचा माणूस गेलेला असतो.

अमरावतीहून अकोल्याला एसटीनेही जाता येतं. २०२२ च्या जूनमध्ये याच पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत, रेघ थरथरत नाही. पण एसटीत सगळे पाठमोरे. नुसत्या माना काढून कोणाचं समाधान होतं?

गाडीत माणसं समोरासमोर असतात आणि वऱ्हाडी माणूस न पाहिल्यासारखं करत नाही. "काय लिवून राह्यले भाऊ?" यात थोडा संशय असतो. वही घेऊन निरखून पाहणारा म्हणजे पीकविम्याचा नाहीतर पंचनाम्याचा माणूस. एका काकांनी थेट विचारलं, "सोयाबीनचं काई आलं काय?" मी चित्र दाखवलं. ते स्पष्टच हिरमुसले.

ज्याचं चित्र त्याला ते पटत नाही. "हा तं मी नोय." निकाल शेजारी देतो, "तूच व्हय, नाक पाय नं." मग वही डबाभर फिरते. कोणीतरी चौकशी करतो, "इंटरमिजिएट देल्ली होती काय? ग्रेड कोन्ती?" पांढऱ्या दाढीचे आजोबा काढले की हमखास सूचना येते, "डोक्श्यावर गाडगं ठेवा, बाबा होतीन." गाडगेबाबांची समाधी अमरावतीतच, ते रूप इथल्या पोरालाही न बघता काढता येतं, त्यामुळे माझ्या हाताची परीक्षा कडक होते.

बायकांना विचारल्याशिवाय काढत नाही. नको म्हटलं की पान उलटायचं, आर्जव करायचं नाही. बहुतेकदा पदर तोंडाला जातो आणि उत्तर येतं, "आमचं काहाले? या पोट्टीचं काहाडा." पोट्टी क्षणभर स्थिर बसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सगळ्यांचेच चेहरे दुपट्ट्यात जातात. तेव्हा माझा नियम मोडतो. डोळ्यांशिवाय काढायला काही उरतच नाही.

ताठ झालेल्या माणसाला सैल करायला मूर्तिजापूर स्टेशन कामी येतं. इथून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला जाणारी नॅरोगेज शकुंतला बंद पडली, तरी तिचं नाव काढलं की चाळिशीच्या पुढचा कोणीही सुरू होतो. हात उठतात, भुवया चढतात, आपलं चित्र निघतंय हे तो विसरतो. बोरगावपर्यंत पेन्सिल थांबत नाही.

अशाच एकाने अकोल्याच्या अलीकडे वही ओढून पाहिली. "तोंड उघडं काहून काहाडलं?"

मी काही बोलायच्या आत वरच्या बर्थवरून आवाज आला, "बंद कवा होतं?"