वाचणारे यंत्र आणि मुके कागद



आपल्या अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीला मुकले. तरीही १९१५ साली, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ होते. वाचून दाखवायला आणि सांगितलेले लिहून घ्यायला त्यांच्यापाशी माणसे होती. ज्याला अशी माणसे लाभत नाहीत, त्या अंध अभ्यासकाने काय करावे?

मी कामगार संघटनेतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत झाले. कित्येक कामगारांना त्यांचे करार मी वाचून दाखवले आहेत. वाचणारा जे गाळतो, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून स्वतः वाचता येणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी होय.

आज संगणक वाचून दाखवतो. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 'एनव्हीडीए' या सॉफ्टवेअरचे काम आरंभले. जेम्स टेह हा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. ते फुकट मिळते आणि पडद्यावरचा मजकूर, मराठीसुद्धा, बोलून दाखवते.

मग अडते कोठे? हे यंत्र अक्षर वाचते, अक्षराचे चित्र नव्हे. पुस्तकाच्या पानाचे नुसते छायाचित्र संगणकात ठेवले, तर ते गप्प बसते. मराठी मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टात असला, तर ते इंग्रजी अक्षरे बडबडते. संशोधनाच्या सॉफ्टवेअरमधील बटणावर केवळ चित्र असून त्याला नाव दिलेले नसेल, तर ते 'बटण, बटण' एवढेच म्हणते. उलट संख्याशास्त्रासाठी वापरले जाणारे 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर पाहा. त्याला आज्ञा लिहून द्यायच्या, उत्तरेही बहुतांशी अक्षरांत आणि आकड्यांत येतात. म्हणून ते अंध संशोधकाच्या हाताला बसते.

कायदा आपल्या बाजूला आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अंधांना वाचता येईल अशी पुस्तकाची प्रत करण्यास मोकळीक मिळाली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. परंतु कायदा कागदावर राहिला, तर करारासारखाच निरुपयोगी ठरतो.

तेव्हा प्रबंध टंकणाऱ्याने युनिकोड वापरावा. अमरावती-अकोल्याच्या शिक्षणसंस्थांनी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी ते अंध अभ्यासकाच्या हाती देऊन पाहावे. कामगाराच्या मुठीत न बसणारे हत्यार दिले, तर दोष मुठीचा नसतो. अंध संशोधक उपकार मागत नाही. तो कामाचे हत्यार मागतो आहे.