निलंबन बुश, मोटारगाडीचे

निलंबन बुश, मोटारगाडीचे : मोटारगाडीच्या चाकांची आस, तिला धरून ठेवणाऱ्या भुजा किंवा पाटे आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधील सांध्यांत बसविलेल्या, बहुधा रबरी व नळीच्या आकाराच्या भागाला बुश म्हणतात. आस वरखाली होताना सांध्यात थोडी कोनीय हालचाल होऊ देणे, रस्त्यावरील खडखडाट सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे आणि तरीही आस आपल्या जागेवरून पुढे-मागे सरकू न देणे, अशी तीन परस्परविरोधी कामे या लहानशा भागाला करावी लागतात. यांपैकी पहिल्या दोन कामांचाच सामान्यतः विचार होतो व बुश म्हणजे धक्के झेलणारी रबरी उशी असा समज रूढ होतो. वस्तुतः गाडीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तिसरे काम अधिक महत्त्वाचे आहे.

आरंभीच्या मोटारगाड्यांत या सांध्यांत पितळ किंवा कांस्य यांचे बुश असत व त्यांना वरचेवर ग्रीज द्यावे लागे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात त्यांची जागा रबरी बुशांनी घेण्यास सुरुवात केली. व्हल्कनीकरणाचा शोध चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये लावला होताच. त्यात रबर धातूला पक्के चिकटविण्याच्या तंत्राची भर पडल्यावर ग्रीज न लागणारा सांधा तयार करणे शक्य झाले. या प्रकारच्या एका बुशाचे ‘सायलेंटब्लॉक’ हे व्यापारी नाव पुढे सामान्यनामासारखेच वापरले जाऊ लागले.

रचना व कार्य : अशा बुशात एकात एक बसणाऱ्या दोन पोलादी नळ्या असून त्यांच्यामधील जागेत रबर घट्ट चिकटविलेले किंवा दाबून भरलेले असते. बाहेरची नळी भुजेच्या किंवा पाट्याच्या डोळ्यात दाबून बसवितात. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लांब असते. सांध्याचा बोल्ट आवळला म्हणजे सांगाड्यावरील कंसाच्या दोन पाखांत ती चिमटली जाते व फिरेनाशी होते. यानंतर सांध्यात जी हालचाल होते ती घसरण्याने होत नाही, तर रबराला पडणाऱ्या पिळाने होते. धातूच्या बुशापेक्षा रबरी बुशाचा हा मूलभूत वेगळेपणा आहे. ज्या बुशात रबर केवळ दाबून धरलेले असते (उदा., शॅकल या मागील लोंबत्या कडीतील दोन अर्ध्यांचे बुश), तेथेही रबर घर्षणाने जखडलेले राहून पीळच घेते.

हा पीळ किती असतो याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. पाट्याचा आसेपुढील भाग ६० सेंमी. लांब आहे आणि चाक ७·५ सेंमी. वर उचलले गेले असे धरल्यास, तो भाग ताठ दांडा असता तर सु. ७° फिरला असता. पण पाटा वाकतो, त्यामुळे डोळ्याजवळचा कोन याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे सु. ११° ते १४° भरतो. गाडी समपातळीवर उभी असताना रबराला पीळ नसेल, तर चाक वर जाताना एका दिशेने व खाली येताना विरुद्ध दिशेने पीळ पडतो आणि रबर तो वर्षानुवर्षे सहन करते. मूळ स्थितीतच पीळ असेल, तर मात्र एका दिशेचा ताण जवळजवळ दुप्पट होतो.

झीज व तिची लक्षणे : रबरी बुश धातूच्या बुशासारखा घासून झिजत नाही, त्याचे रबर वयाने कडक होते, हवेतील ओझोनामुळे त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी ते नळीपासून सुटते. खनिज तेल नैसर्गिक रबराचा शत्रू आहे. त्याने रबर फुगून मऊ पडते. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला जळके तेल फवारण्याची आपल्याकडील प्रथा पत्र्याला गंजापासून वाचविते हे खरे. पण त्याच फवाऱ्याने बुशांचे आयुष्य घटते. करकरणाऱ्या सांध्यावर तेल सोडण्याचा उपायही तसाच आहे : आवाज काही दिवस थांबतो व रबर कायमचे बिघडते.

खड्ड्यातून जाताना मागून येणारा ‘ठक्’ असा आवाज, गती वाढविताना किंवा ब्रेक लावताना आस जागेवरून हलल्याचा भास, मागील टायरांची असमान झीज आणि सरळ रस्त्यावरही सुकाणूचक्र सतत सावरावे लागणे, ही बुश निकामी झाल्याची लक्षणे होत. शेवटच्या लक्षणाचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही बाजूंच्या पाट्यांमध्ये १ मी. अंतर आहे आणि एका बाजूचा पुढील बुश ५ मिमी. सैल झाला आहे असे मानू. मग आस सु. ०·३° तिरपी होऊ शकते. कोन क्षुल्लक वाटतो. परंतु ताशी ६० किमी. वेगाने गाडी सेकंदाला सु. १७ मी. जाते व तेवढ्या अंतरात मागील चाके सु. ८ सेंमी. बाजूला जाऊ पाहतात. म्हणजे चालकाच्या इच्छेविना गाडी मागून वळविली जाते. कोरड्या रस्त्यावर हा दोष सवयीने झाकला जातो. ओल्या रस्त्यावर एकाएकी ब्रेक लावण्याची वेळ आली म्हणजे तो उघड होतो.

भारतातील जुन्या गाड्या : पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी व २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेली, फियाट ११०० वर आधारलेली प्रीमियर पद्मिनी या दोहोंत मागील अखंड आस कमानपाट्यांवर टांगलेली असे. पाट्याचे पुढील टोक बुशाच्या साहाय्याने सांगाड्याला जोडलेले व मागील टोक शॅकलवर झुलते, अशी ही रचना होती. आसेची पुढची-मागची जागा ठरविण्याचे काम त्यामुळे मुख्यतः पुढील बुशाकडे येते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि खाजगी मालकांनी जतन केलेल्या गाड्या आजही चालतात आणि त्यांच्या बाबतीत बुश बदलणे हे घरच्या घरी करता येण्याजोगे, पण विचारपूर्वक करावयाचे काम आहे.

बदलण्याची पद्धती : या कामातील सर्वांत मोठा धोका बुशाशी संबंधित नाही, तर गाडी उचलण्याशी आहे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. या गाड्यांत हातब्रेक मागील चाकांवर चालतो. मागील चाके जमिनीवरून सुटताच त्याचा उपयोग संपतो. म्हणून सपाट व कठीण जमिनीवर पुढील चाकांना दोन्ही अंगांनी भक्कम अटकाव घालून, सांगाड्याच्या मजबूत भागाखाली दोन लोखंडी तिवया लावाव्यात व आसेला जॅकचा वेगळा आधार द्यावा. विटा, पोकळ सिमेंटचे ठोकळे यांवर भरवसा ठेवू नये. ते सूचना न देता फुटतात.

गंजलेल्या नटांवर भेदक तेल आदल्या दिवशी सोडावे, परंतु ते केवळ जुना बुश टाकून द्यावयाचा असेल तेव्हाच. धक्काशोषकाचे खालचे टोक सोडून आस सावकाश खाली घेतली म्हणजे पाट्यावरील भार कमी होतो. या वेळी ब्रेकच्या लवचिक नळीवर ताण येत नाही ना, हे पाहावे लागते. जॅक किंचित वरखाली केल्यावर ज्या स्थितीत बोल्ट हाताने फिरू लागतो, ती भारमुक्त स्थिती होय. बोल्टवर भार असताना तो ठोकून काढण्याचा प्रयत्न केल्यास पाटा उसळण्याची भीती असते. एका वेळी एकच बाजू सुटी करावी, म्हणजे दुसरी बाजू आसेला जागेवर धरून ठेवते.

जुना बुश डोळ्यातून निघणे हा कामाचा कष्टाचा भाग. कारखान्यात त्यासाठी दाबयंत्र असते. घरी आटे पाडलेला जाड दंड, बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा रुंद तोंडाची एक नळी, त्याच व्यासाहून किंचित लहान सॉकेट आणि जाड वॉशर एवढ्यावर तेच साधते. नट आवळत गेले म्हणजे बुश सावकाश नळीत ओढला जातो. तो हलेनासा झाला तर रबर पोखरून काढून आतली नळी सोडवावी व बाहेरच्या नळीला करवतीने आतून चीर द्यावी; मात्र करवत डोळ्याच्या पोलादापर्यंत जाता कामा नये, कारण तेथील ओरखड्यापासून पुढे तडा वाढतो. रबर पेटवून देण्याची रस्त्याकडेच्या गॅरेजांत आढळणारी रीत टाळावी. त्याचा धूर विषारी असतो आणि डोळा लाल होईपर्यंत तापला तर पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरते.

नवा बुश दाबताना जोर फक्त बाहेरच्या नळीवर यावा. आतल्या नळीवर दिलेला दाब रबर सोडवितो. दोन अर्ध्यांचे रबरी बुश बसविताना ग्रीजऐवजी साबणाचे पाणी वापरतात. नंतरच्या काळातील काही गाड्यांच्या बुशांत रबरामध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. तेथे दिशाही महत्त्वाची असल्याने काढण्यापूर्वी खूण करून ठेवणे इष्ट.

आता या कामातील सर्वाधिक चुकणारी पायरी येते. गाडी तिवयांवर असताना, आस लोंबत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, तर आतली नळी त्या लोंबत्या स्थितीत जखडली जाते. गाडी चाकांवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो व नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. दोष मग मालाला दिला जातो. यासाठी बोल्ट प्रथम केवळ बसण्यापुरते फिरवून, गाडी चाकांवर उतरवून, मागील भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि संपूर्ण वजन चाकांवर असतानाच उत्पादकाने सांगितलेल्या आघूर्णाने ते आवळावेत. चारही चाके खड्ड्याच्या काठावर किंवा मजबूत चढणफळ्यांवर असतील, तर हे सोयीने होते. स्वयंबंधक नट जुने वापरू नयेत. काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर आवळपट्टी पुन्हा तपासावी.

पर्यायी द्रव्ये : पॉलियुरेथेनाचे बुश तेलाला दाद देत नाहीत आणि आसेला अधिक ताठरपणे धरतात. परंतु त्यांपैकी बरेचसे आतल्या नळीवर घसरून फिरणारे असल्याने त्यांना विशिष्ट ग्रीज लागते व ते न मिळाल्यास करकर सुरू होते. खडबडीत रस्त्यांवरील सावकाश वापरासाठी चांगल्या प्रतीचे रबरच श्रेयस्कर वाटते. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलावेत. पाट्याच्या डोळ्याला तडा गेलेला, बोल्टाचे भोक लंबगोल झालेले किंवा सांगाड्याचा कंस गंजून पोखरलेला आढळल्यास नवा बुश बसवून काही साधत नाही. तेथे पाटा बदलणे किंवा जोडकाम करणे आवश्यक असते व ते सुसज्ज कर्मशाळेकडेच सोपवावे लागते.