सक्शन कपची निवड व जोडणी : एक परिचय

प्रस्तावना
कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावातून विज्ञानाची पदवी घेतलेला विद्यार्थी वाळूज औद्योगिक वसाहतीत कामास लागला, तर पाठ्यपुस्तकातील वातावरणीय दाब त्याला तेथे प्रत्यक्ष राबताना दिसू शकतो. वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि परिसरात सुट्या भागांचे अनेक उद्योग उभे राहिले. पत्रे, काचा, खोकी उचलण्यासाठी अशा उद्योगांत सक्शन कप वापरतात. अधांतरी पत्रा निसटल्यास खालच्या कामगाराच्या जिवावर बेतते. म्हणून कपची निवड अंदाजाने करणे इष्ट नव्हे.

दाबाचे गणित
कप वस्तूला ओढतो, हा समज चुकीचा आहे. कपमधील हवा काढल्यावर बाहेरची हवा वस्तूला कपवर दाबून धरते. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी मॅग्डेबर्गच्या गोलार्धांद्वारे हेच दाखविले होते. दाबातील फरक गुणिले कपचे क्षेत्रफळ, एवढे हे बल असते. ५० मि.मी. व्यासाचा कप ६० किलोपास्कल फरकावर सुमारे ११८ न्यूटन बल देतो.

येथे स्थानिक परिस्थितीचा विचार आवश्यक ठरतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब १०१ ऐवजी साधारण ९५ किलोपास्कल असतो. त्यामुळे ‘६० टक्के निर्वात’ म्हणजे तेथे ६१ नव्हे, तर ५७ किलोपास्कल. माहितीपत्रकातील आकडे समुद्रसपाटीचे असतील, तर ही तूट धरलीच पाहिजे.

दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वस्तुमान सुमारे ११.८ किलो भरते. यंत्राचे त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग व सुरक्षा गुणक २ धरल्यास ३४९ न्यूटन बल लागते. ६० किलोपास्कल फरक मिळत असेल, तर आडवा पत्रा उचलण्यास हिशेबाने तीन कप पुरतात. समतोलासाठी चार घ्यावेत. मात्र पत्रा उभा धरला, की भार घर्षणावर येतो. घर्षणांक ०.५ असेल तर सहा कप लागतात; तेलकट पत्र्यावर तो ०.१ पर्यंत उतरला, तर तीस! अपघाताचे मूळ या तेलाच्या थरात असू शकते.

कपचे द्रव्य व आकार
तेलकट पत्र्यासाठी नायट्राइल रबर योग्य. सिलिकॉन उष्णता सहन करते; परंतु त्याचा अंश पृष्ठभागावर राहिल्यास रंग नीट धरत नाही. त्यामुळे रंगकामापूर्वीच्या भागांवर ते टाळावे. सपाट, ताठ वस्तूस चपटा कप, तर वक्र वा उंचसखल पृष्ठभागास घड्यांचा कप घ्यावा. पुठ्ठ्यातून हवा सतत झिरपते. तेथे निर्वाताच्या तीव्रतेपेक्षा हवेचा प्रवाह महत्त्वाचा.

जोडणी
पातळ पत्रा मधोमध वाकतो व कपची कड सुटते. म्हणून मोठे थोडे कप बसविण्यापेक्षा लहान अनेक कप पसरून बसविणे हितावह. उंचीतील फरक सामावून घेण्यासाठी स्प्रिंगचा दांडा, तर तिरप्या पृष्ठभागासाठी गोलसांधा वापरावा. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब नळीतील हवा काढण्यात वेळ जातो. वीज वा दाबाची हवा खंडित झाल्यास पत्रा काही काळ तरी धरलेला राहावा, यासाठी एकदिशा झडप बसवावी. निर्वात मोजणारा स्विच यंत्राच्या नियंत्रणाशी असा जोडावा, की ठरलेली पातळी गाठल्याखेरीज हात वर उचललाच जाणार नाही.