बैलजोडी, गाय-वासरू आणि मतपत्रिकेवर नसलेला वाघ

१९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत बुलढाणा लोकसभा मतदारसंघातून काँग्रेसचे शिवराम रंगो राणे निवडून आले, ते बैलजोडीवर. १९७१ मध्ये यादव शिवराम महाजन आले, तेव्हा काँग्रेसचे चिन्ह गाय-वासरू होते. १९७७ ला रिपब्लिकन पक्षाचे दौलत गुणाजी गवई जिंकले आणि १९८० मध्ये बाळकृष्ण वासनिक यांनी जागा काँग्रेसकडे परत आणली, ती हाताच्या पंजावर. पक्ष एकच, मतदारसंघ एकच आणि चिन्हे तीन. तरीही चिन्ह हे पक्षाच्या रक्तातून आलेले असते, पक्ष आपल्या स्वभावाला शोभेल असा प्राणी निवडतो, ही समजूत इकडे पक्की आहे.

बैलजोडीपासूनच सुरुवात करू. काँग्रेसला शेतकऱ्यांचा पुळका होता म्हणून तिने बैल घेतले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात चिन्हांचे मूळ निरक्षरतेत होते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातले साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. अक्षर न ओळखणाऱ्यालाही मत देता यावे म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने चिन्हांची यादी केली आणि पक्षांना तिच्यातून पसंती कळवायला सांगितले. खरी ओढाताण झाली ती नांगरावरून. अनेक पक्षांनी नांगर मागितला, म्हणून आयोगाने तो कुणालाच दिला नाही. काँग्रेसच्या त्या जुन्या चिन्हाकडे नीट पाहिले तर मानेवर जू असलेले दोन बैल दिसतात. मागे नांगर नाही आणि हाकणारा शेतकरीही नाही.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, ही गोष्टही आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदार आडोशाला जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकी. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या मुलखात बैलजोडीची पेटी ओळखायला कुणाची मदत लागत नसे. एवढ्यासाठीच चिन्ह होते.

गाय-वासराची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. इंदिरा गांधींनी हिंदू मतांसाठी गाय मागून घेतली, असा सरसकट समज आहे. मुळात पहिल्या निवडणुकीच्या वेळी आयोगाने धार्मिक किंवा भावनिक नाते असलेल्या वस्तू चिन्ह म्हणून द्यायच्या नाहीत असे ठरवले होते. त्याची उदाहरणे म्हणून गाय, देऊळ, राष्ट्रध्वज आणि चरखा यांची नावे घेतली होती. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि बैलजोडीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागण्याआधीच १९७१ ची निवडणूक आली. तेव्हा इंदिरा गांधींच्या गटाला गाय-वासरू मिळाले आणि संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी स्त्री. वीस वर्षांपूर्वी वर्ज्य ठरवलेल्या दोन गोष्टी अशा एकाच निवडणुकीत मतपत्रिकेवर आल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये तर स्पष्ट लिहिले आहे की, आयोगाने उमेदवाराला दिलेले चिन्ह धार्मिक चिन्ह मानले जाणार नाही. गायीच्या चिन्हावरचा टीकाकारांचा आक्षेप चुकीचा नव्हता, पण दोष एका पक्षापेक्षा आपलाच नियम मोडणाऱ्या व्यवस्थेचा जास्त होता.

नोव्हेंबर १९७१ मध्ये बैलजोडीच्या त्या वादावर, म्हणजे सादिक अली खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चिन्ह ही भावांनी वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, हे त्यात ठरले. काँग्रेसच्या १९७८ च्या फुटीनंतर गाय-वासरूही गोठले आणि पंजा आला. तोही नवा नव्हता. पहिल्या निवडणुकीत तो फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे होता, म्हणजे नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर यांच्या पक्षाकडे.

हत्तीबाबत दोन गैरसमज आहेत. पहिला, तो कांशीराम यांनी शोधला. त्यांच्या बहुजन समाज पक्षाची स्थापना १९८४ ची. त्याच्या कितीतरी आधी, १९५१-५२ च्या निवडणुकीत, हत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडे होता. त्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले, पण त्याच हत्तीवर पां. ना. राजभोज सोलापुरातून लोकसभेत गेले. दुसरा गैरसमज, हत्ती बौद्ध धम्मामुळे आला. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची आहे आणि हत्ती तिच्या आधीचा. बुद्धमाता मायादेवीच्या स्वप्नातल्या हत्तीशी लोकांनी त्याचे नाते जोडले असेल तर ते मनापासून जोडले. त्या नात्याचा मान ठेवूनही कालक्रम सांगायलाच हवा. आसामात तर हाच हत्ती आसाम गण परिषदेचा आहे, त्यामुळे तिथे बसपच्या उमेदवाराला तो वापरता येत नाही.

आता वाघ. वाघ हे शिवसेनेचे निवडणूक चिन्ह, असे ठामपणे सांगणारे लोक आजही भेटतात. डरकाळी फोडणारा वाघ व्यंगचित्रकार बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्यातून आला आणि झेंड्या-फलकांवर स्थिरावला. १९८९ मध्ये सेनेला मिळालेले राखीव चिन्ह मात्र धनुष्यबाण. बुलढाण्यातून १९९६ मध्ये आनंदराव अडसूळ जिंकले ते धनुष्यबाणावर. २०२२ मध्ये सेना फुटल्यावर आयोगाने ते गोठवले तेव्हा एका गटाला मशाल मिळाली आणि दुसऱ्याला ढाल-तलवार. वाघ कोणत्याच कागदावर नव्हता. जिल्ह्यात खरा वाघ आला तो डिसेंबर २०१९ मध्ये, टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात.

अमेरिकेतले प्राणी नेमके या वाघासारखेच आले. १८२८ मध्ये विरोधकांनी अँड्र्यू जॅक्सन यांना गाढव म्हणून हिणवले होते. पुढे थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’त १८७० मध्ये डेमोक्रॅटांचे गाढव आणि १८७४ मध्ये रिपब्लिकनांचा हत्ती रेखाटला आणि ते रूढ झाले. आपल्याकडे मतपत्रिकेवरचे प्राणी व्यंगचित्रातून नव्हे, सरकारी यादीतून आले.

त्या यादीत आता नवा प्राणी येत नाही. चिन्हाचे जिवंत जनावर मिरवणुकीत फिरवून त्याचे हाल होत, त्यावर प्राणिमित्रांनी आवाज उठवला आणि १९९० च्या दशकापासून आयोगाने प्राणी-पक्ष्यांची नवी चिन्हे देणे थांबवले. जुने हत्ती आणि सिंह राहिले. गोव्यातल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह त्यातलाच. नव्या पक्षांच्या वाट्याला आता वस्तूच येतात: बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीला २०२४ च्या लोकसभेला मिळाला तो प्रेशर कुकर. प्रचारात कोणताही जिवंत प्राणी वापरू नये, अशी आयोगाची सूचना सर्व पक्षांना आहे, आणि ती बैलालाही तितकीच लागू आहे.