हातात राजांची जोडी, समोरून ऑल-इन : पुरावा वाचायचा कसा?

संशोधनाला सुरुवात करणारे बरेच जण विचारतात, "बेझचा नियम पाठ आहे, पण तो वापरायचा कुठे?" आज एक उदाहरण घेऊ. ते पत्त्यांचं आहे, पण यातली चूक मी माझ्या संशोधनाच्या पहिल्या वर्षात खरोखर केली होती.

आधीच सांगतो, हे खेळायला बसण्याचं आमंत्रण नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने बंदी आली आहे. आपल्याला कागद आणि पेन पुरे.

प्रसंग असा. टेक्सास होल्डेम, एक-दोन सेंटचं टेबल, प्रत्येकाकडे २०० सेंट. तुमच्या हातात दोन राजे. तुम्ही ६ सेंट लावले, समोरच्याने १८ केले, तुम्ही ४५ केले आणि त्याने सगळेच्या सगळे २०० पुढे सरकवले. बाकीच्यांनी पत्ते टाकले. आता काय कराल?

पहिली प्रतिक्रिया दोनपैकी एक असते. "राजे आहेत, टाकायचे कसे?" किंवा "मला राजे आले की समोर एक्केच असतात!" दोन्ही भावना आहेत, उत्तर एकही नाही. मोजून बघू.

आधी किंमत. मधे तुमचे ४५, त्याचे २०० आणि ब्लाइंडचे ३, म्हणजे २४८ सेंट आहेत. तुम्हाला अजून १५५ घालायचे आहेत. घातल्यावर एकूण ४०३. १५५ भागिले ४०३ म्हणजे साधारण ३८.५ टक्के. वेबसाइटचा कट सोडला, तर जिंकण्याची शक्यता याहून जास्त असेल तेव्हाच कॉल परवडतो.

आता "समोर एक्केच असतात" ही तक्रार तपासू. तुमचे दोन राजे वगळले तर ५० पत्ते उरतात आणि त्यांतून दोन पत्त्यांचे १२२५ संच होतात. त्यातले एक्क्यांच्या जोडीचे फक्त ६. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. सहा जणांच्या टेबलवर बाकी पाचांपैकी कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आत. राजांची जोडी मुळात २२१ डावांत एकदा येते. हिशोब केला तर राजे विरुद्ध एक्के हा प्रसंग साधारण ९,००० डावांत एकदा घडतो. पण तो लक्षात राहतो आणि राजांनी गुपचूप जिंकलेले डाव विसरले जातात.

मग डोळे मिटून कॉल? थांबा. अर्धा टक्का हा आकडा समोरच्याने काही करण्याआधीचा आहे. त्याने ऑल-इन केलं, हा नवा पुरावा आहे. आता प्रश्न "त्याच्याकडे एक्के किती वेळा असतात?" हा राहत नाही. "असं वागणाऱ्याकडे एक्के किती वेळा असतात?" हा खरा प्रश्न.

समजा तो एक्के, राजे, राणी यांच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यावरच ऑल-इन करतो. संच मोजा: एक्क्यांचे ६, राजांचा १ (दोन राजे तुमच्याकडेच आहेत), राण्यांचे ६, एक्का-राजाचे ८. एकूण २१. एक्क्यांचा वाटा ६/२१, म्हणजे २९ टक्के. अर्ध्या टक्क्यावरून थेट २९! तरीही तुमचे राजे एक्क्यांविरुद्ध सुमारे १८ टक्के, राण्यांविरुद्ध ८२, एक्का-राजाविरुद्ध ६९ आणि राजांविरुद्ध ५० टक्के वाटा घेतात. सरासरी येते ५७ टक्के. ३८.५ च्या बरीच वर. कॉल.

आता माणूस बदला. हा तासभर नुसता कॉल करत बसलाय, एकदाही स्वतःहून वाढवलेलं नाही. समजा तो एक्के किंवा राजे असले तर ऑल-इन करतोच, पण राण्या असल्या तर सहापैकी एकदाच आणि एक्का-राजा असेल तर आठपैकी एकदाच. मग वजनं होतात ६, १, १, १. एक्क्यांचा वाटा ६७ टक्के, तुमची सरासरी ३४. त्याच राजांना आता पत्ते टाकणं शहाणपणाचं.

आणि जो उठसूट ऑल-इन करतो, त्याच्या यादीत गुलाम, दश्श्या आणि एक्का-राणीसुद्धा घाला. एकूण ४९ संच होतात, एक्क्यांचा वाटा १२ टक्क्यांवर येतो. तिथे विचार करायचीही गरज नाही.

पत्ते तेच, रक्कम तीच, उत्तरं वेगळी. फरक पुराव्याच्या वजनात आहे, आणि ते वजन ठरतं "अन्यथा हा पुरावा किती वेळा दिसला असता?" यावर.

आता माझी चूक. कमी रकमेच्या टेबलवर ऑल-इन करणाऱ्यांकडे एक्के किती वेळा असतात, हे मी माझ्या स्वतःच्या नोंदींतून काढलं. आकडा सुखद होता, बराच कमी. मोठ्या उत्साहाने मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "तू पत्ते टाकलेस, त्या डावांचं काय?"

मी गप्प. पत्ते टाकले की समोरच्याचे पत्ते दिसतच नाहीत. आणि मी पत्ते टाकत होतो नेमके शांत, सावध खेळाडूंपुढे, जिथे एक्के असण्याची शक्यता सर्वात जास्त. माझ्या नोंदींत उरले होते फक्त उठसूट भिडणारे. त्यांच्यावरून काढलेला आकडा मी सगळ्यांना लावत होतो. गणितात चूक नव्हती. माहिती माझ्याच निर्णयांच्या चाळणीतून आली होती. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तुमच्या विषयात हेच वेगळ्या वेषात येईल. सर्वेक्षणाला उत्तर देणारेच मोजले जातील, उपचार अर्धवट सोडणारे नाही. छापून आलेले प्रयोग वाचाल, फसलेले कपाटात राहतील. म्हणून आकडा हाती आला की तीन प्रश्न वहीत लिहा: पुराव्याआधी शक्यता किती होती? हा पुरावा दुसऱ्या कारणानेही दिसला असता का? आणि मला न दिसलेले पत्ते कुठे आहेत?

शेवटचं एक. योग्य हिशोबाने कॉल करूनही समोर एक्के निघतील. पहिल्या खेळाडूविरुद्धसुद्धा दहापैकी साधारण तीन वेळा. तेव्हा निकालावरून निर्णयाला नावं ठेवू नका. निर्णयाची कारणं पत्ते उघडण्याआधी लिहून ठेवा आणि नंतर ती तपासा. प्रयोगवहीवर तारीख घालतात ती याचसाठी.