घराचे काम काढताना गरम पाण्याचा हिशेब : हीट पंप कोणाला परवडतो?

पावसाळा सरला की विरार पूर्वेच्या फुलपाडा भागात घरांची कामे निघतात. पापडखिंड धरणाच्या बाजूच्या जुन्या बैठ्या खोल्या असोत की रस्त्यालगतच्या तीन-चार मजली इमारती, कोठे ना कोठे जुनी लादी उखडलेली आणि रेतीची पोती जिन्यात रचलेली दिसतात. काम काढणारा गृहस्थ किचनच्या ओट्यावर आणि टाईल्सच्या रंगावर आठ-आठ दिवस विचार करतो. पाणी तापविण्याची सोय मात्र तो गवंड्यावर किंवा प्लंबरवर सोपवून मोकळा होतो आणि पुढची पंधरा वर्षे त्या निर्णयाचे बिल भरत बसतो.

अलीकडे आपल्याकडे 'हीट पंप' हे नाव ऐकू येऊ लागले आहे. कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. तिकडचे नातेवाईक सांगतात की घरातला तेलाचा किंवा गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसविला, सरकारने पैसेही दिले. ते खरे आहे. इंग्लंड व वेल्समध्ये अशा बदलासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड अनुदान मिळू लागले. नॉर्वेने तर १ जानेवारी २०२० पासून इमारती तापविण्यासाठी खनिज तेल जाळण्यावर बंदीच घातली. परंतु तिकडे पूर्ण घर ऊबदार ठेवायचे असते, तेही सहा-सात महिने. आपल्या विरारला घर तापवावे लागत नाही, उलट पंखा बंद करता येत नाही. आपला प्रश्न फक्त आंघोळीच्या पाण्याचा आहे. म्हणून तिकडचा हिशेब जसाच्या तसा इकडे लावणे चूक ठरेल.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला तर ती गरम लागते. फ्रिज आतली उष्णता शोषून बाहेर फेकतो, ती उष्णता तेथे असते. हीट पंप हाच खेळ उलट्या हेतूने करतो. बाहेरच्या हवेतील उष्णता तो ओढून घेतो आणि टाकीतल्या पाण्याला देतो. विजेने तो उष्णता निर्माण करीत नाही, फक्त कॉम्प्रेसर चालवून ती वाहून नेतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते. या गुणोत्तराला व्यापारी लोक 'सीओपी' म्हणतात. हवा जितकी गरम, तितका सीओपी चांगला. इंग्लंडच्या हिवाळ्यात यंत्रावर बर्फ साचतो व तो वितळविण्यात वीज जाते. आपल्याकडे तो त्रास नाही. शिवाय आपल्या हवेतील दमट वाफ यंत्राच्या जाळीवर थंड होऊन पाणी बनते, तेव्हा तिच्यातली उष्णताही यंत्राला मिळते. म्हणजे कोकणची हवा या यंत्राला मानवणारी आहे. मात्र त्या थेंबथेंब पाण्याची निचऱ्याची नळी ठेवावी लागते, हे ध्यानात असावे.

घरगुती हिशेब

आता पैशाकडे वळू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. समजा, घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाला २० लिटरची एक बादली लागते. पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे. १०० लिटर गुणिले १५ म्हणजे १,५०० किलोकॅलरी, अर्थात पावणेदोन युनिट. टाकी आणि नळीतली गळती धरून रोजचे दोन युनिट धरा. हीट पंपाला यासाठी पाऊण युनिटाहून थोडे कमी लागेल. बचत रोज सव्वा युनिटाच्या वर, महिन्याला सुमारे ४०.

विजेचा दर आपल्या बिलावर पाहावा आणि सरासरी न काढता शेवटच्या टप्प्याचा दर धरावा, कारण वाचणारे युनिट त्याच टप्प्यातून वाचते. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३०१ वे युनिट कसे बोचते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे सांगायला नको. सर्व आकारांसह युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला ४८० रुपये वाचतील. परंतु विरारमध्ये गरम पाणी बारा महिने कोण घेतो? सहा महिने धरले तर वर्षाची बचत २,८८० रुपये. हीट पंप साध्या गीझरपेक्षा ६० हजारांनी महाग पडला, तर ही रक्कम वसूल व्हायला जवळजवळ २१ वर्षे लागतील. यंत्राचे आयुष्यही कदाचित तेवढे नसेल. त्यातून हीट पंपाची टाकी मोठी, दीडशे-दोनशे लिटरची, आणि वापर कमी असला तर तीच टाकी रोज थंड होत राहते.

तेव्हा एका कुटुंबाच्या फ्लॅटसाठी हीट पंप घेऊ नये, असेच आमचे मत आहे. घरात दहा-बारा माणसे असतील, कोणी आजारी किंवा वृद्ध असल्याने बारा महिने गरम पाणी लागत असेल, तर वर दिलेल्या रीतीने आपले आकडे घालून पुन्हा हिशेब करावा.

ज्याची स्वतःची स्लॅब आहे, त्याने सोलर गीझरचा विचार प्रथम करावा. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही म्हणून विजेची कॉईल जोडीला ठेवावी लागते, एवढेच. पत्र्याच्या छपरावर भरलेल्या टाकीचे वजन पेलवत नाही, तेथे हा प्रश्नच येत नाही. इमारतीत गच्ची सोसायटीची असते, आणि त्या सभेत काय होते ते वाचकांना माहीत आहे.

राहिला साधा विजेचा गीझर. त्यावरचे तारे पाहून लोक फसतात. दुकानदार सांगतो, पाच तारे म्हणजे वीज कमी. वास्तविक गीझरची कॉईल कोणतीही असो, पाणी तापवायला तेवढीच वीज लागते. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे एवढेच सांगतात की टाकीत भरून ठेवलेले पाणी चोवीस तासांत किती उष्णता गमावते. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात पाच तारे उपयोगी. आंघोळीपूर्वी वीस मिनिटे लावून नंतर बंद करणाऱ्याला त्यांचा लाभ थोडाच.

सर्वांत मोठा धोका

पैशाचा हिशेब चुकला तर नुकसान भरून निघते. आता जे सांगणार आहोत ते भरून निघत नाही. विरार-नालासोपाऱ्यात पुष्कळ घरांत गॅस गीझर आहेत. ते स्वस्त आहेत, पाणी झटपट तापवितात आणि विजेचे बिल वाढवीत नाहीत. जुन्या घरात ते न्हाणीघराबाहेर, सज्जात किंवा उघड्या खिडकीशी असतात व वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात. मग घराचे काम निघते. सज्जाला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लागतात. न्हाणीघर थोडे मोठे करण्यासाठी सज्जा आत घेतला जातो. खिडकीच्या जाळीच्या जागी बंद काच येते, छताला पीओपी लागते. गीझर मात्र होता तेथेच राहतो. काल जो मोकळ्या हवेत होता, तो आज बंद पेटीत आला!

गॅस जळायला हवा लागते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोके जड वाटते, मग हातपाय गळतात, आणि दाराची कडी उघडण्याचेही त्राण उरत नाही. मुंबई परिसरात न्हाणीघरात असे मृत्यू झालेले आहेत, त्यात कोवळी मुले-मुलीही होती. म्हणून काम काढताना गवंड्याला पहिली सूचना ही द्यावी की गॅस गीझर न्हाणीघरात नको आणि बंद केलेल्या सज्जातही नको. मोकळ्या हवेची जागा उरत नसेल तर तो काढून टाकावा व विजेचा बसवावा. महिन्याला दोन-चारशे रुपये जास्त जातील, जाऊ द्यावेत.

विजेचा गीझर बसविताना तीन किलोवॅटच्या झटपट गीझरला १३ अँपियर प्रवाह लागतो. जुन्या खोल्यांतील दिव्याच्या तारेवरून तो देऊ नये. मीटरच्या बोर्डापासून वेगळी, पुरेशा जाडीची तांब्याची तार, १६ अँपियरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरला तुटणारा आरसीसीबी, एवढे भिंतीला झिरी मारली आहे तोवर करून घ्यावे. टाईल्स बसल्यावर कोणी भिंत फोडू देत नाही.

त्याच वेळी नळीचीही काळजी घ्यावी. पाऊण इंची नळीच्या दहा मीटर लांबीत पावणेतीन लिटरच्या वर पाणी मावते. गीझर एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला असेल, तर प्रत्येक वेळी एवढे थंड पाणी आधी वाहून जाते आणि शेवटी तेवढेच गरम पाणी नळीत निवत पडते. जेथे टँकर मागवावा लागतो, तेथे हे दुहेरी नुकसान. अर्धा इंची नळीत हेच पाणी सव्वा लिटरच्या आसपास असते. गीझर नळाजवळ ठेवावा, गरम पाण्याला साधी पीव्हीसी न वापरता सीपीव्हीसी नळी घालावी व तिच्यावर फोमचे आवरण चढवावे. हा खर्च किरकोळ आहे.

व्यवसायासाठी वेगळे गणित

मग हीट पंप कोणासाठी? ज्याच्याकडे बारा महिने, रोज, शेकडो लिटर गरम पाणी खपते त्याच्यासाठी. वसतिगृह, लॉज, छोटे रुग्णालय किंवा मोठे भोजनालय. अशा कित्येक ठिकाणी डिझेलचा बॉयलर किंवा मोठी विजेची टाकी असते.

समजा, ६० माणसांच्या वसतिगृहात दर माणशी २५ लिटर पाणी १५ अंशांनी तापवायचे आहे. हे २२,५०० किलोकॅलरी झाले. वीस टक्के गळती धरून २७,०००. विजेच्या कॉईलला रोज साडेएकतीस युनिट लागतील, हीट पंपाला साडेदहा. डिझेलच्या एका लिटरमधून जुन्या बॉयलरमध्ये ६,४०० किलोकॅलरी पाण्याला मिळतात असे धरले, तर रोज सव्वाचार लिटर डिझेल जळेल. व्यापारी गॅस वापरणाऱ्याची १९ किलोची टाकी सहा दिवसांत संपेल. वीज १५ रुपये युनिट आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर रोजचा खर्च कॉईलवर ४७०, डिझेलवर ३८० आणि हीट पंपावर सुमारे १६० रुपये. डिझेलच्या तुलनेत वर्षाला ८० हजारांची बचत. टाकीसह बसविण्याचा खर्च साडेतीन लाख आला तरी साडेचार वर्षांत पैसे मोकळे होतात. कॉईलच्या तुलनेत तर तीन वर्षांच्या आसपास. मशिदीच्या वुजूखान्याला हिवाळ्यातच कोमट पाणी लागते, तेथे हा हिशेब घराकडे झुकतो, वसतिगृहाकडे नव्हे.

खरेदी करताना विक्रेत्याला विचारावे की तुम्ही सांगता तो सीओपी किती अंश हवेला आणि किती अंश पाण्याला? पाणी ४५ अंशांवर ठेवले तर आकडा सुरेख दिसतो, ६० वर नेले की उतरतो. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा तरी ते ६० अंशांपर्यंत न्यावे लागते, तेव्हा ही चौकशी करावीच. यंत्र कोंडलेल्या खोलीत ठेवू नये. ते स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढते आणि सीओपी घसरतो. भरलेल्या हजार लिटरच्या टाकीचे वजन एक टनाहून जास्त, म्हणून स्लॅबवर जागा इंजिनियरला दाखवून ठरवावी. बोअरिंगचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर क्षार बसतात. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी वर्षाला तपासावी. व्होल्टेज पडत असेल तर कॉम्प्रेसरसाठी स्टॅबिलायझर हवा. आणि 'बिनव्याजी हप्ता' ऐकल्यावर आधी रोखीचा भाव विचारावा. दोन्हींतला फरक हेच त्या हप्त्याचे व्याज असते, नाव काहीही दिलेले असो.

एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांसाठी. या यंत्रातला कॉम्प्रेसर, तांब्याची नळी, गॅस भरणे, गळती शोधणे, हे सर्व फ्रिज आणि एसीच्या मेकॅनिकचेच काम आहे. आयटीआयमधील रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला फक्त पाण्याच्या बाजूचे काम शिकावे लागेल. काही नव्या यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन वायू असतो. तो वातावरणाला फारसा अपाय करीत नाही, परंतु पेट घेतो. त्याच्याजवळ जुन्या सवयीने गॅसची बत्ती पेटवून जोडणी करू नये. एसीचा धंदा उन्हाळा संपला की मंदावतो आणि गरम पाण्याची मागणी नेमकी तेव्हाच वाढते. नालासोपारा ते विरार पट्ट्यातील ज्या मेकॅनिकांची दुकाने हिवाळ्यात रिकामी राहतात, त्यांनी एखाद्या लॉजवाल्याच्या डिझेल बॉयलरचे मागच्या वर्षाचे बिल मागून पाहावे आणि वरच्या रीतीने कागदावर आकडे मांडून त्याच्या पुढ्यात ठेवावेत.